गॉटफ्रीड विल्हेल्म लाइब्नित्स

गॉटफ्रीड विल्हेल्म लाइब्नित्स (जन्म : १ जुलै १६४६, लाइपझिग, मृत्यू : १४ नोव्हेंबर १७१६, हॅनोव्हर) हे जर्मन गणितज्ञ, तत्त्वज्ञ, कायदेपंडित, इतिहासकार आणि मुत्सद्दी होते. मराठीत त्यांचे नाव लायब्निझ, लायबनिट्झ असेही लिहिले जाते. आयझॅक न्यूटन यांच्याप्रमाणेच, पण स्वतंत्रपणे, त्यांनी कलनशास्त्राचा (अवकलन व समाकलन) शोध लावला. या शास्त्रात आज जगभर वापरली जाणारी चिन्हे मुख्यतः लाइब्नित्स यांची आहेत. गणितातील चिन्ह म्हणजे केवळ लघुलेखन नसून ते विचाराचे साधन आहे आणि संदिग्ध चिन्हामुळे विचारही संदिग्ध होतो, अशी त्यांची आयुष्यभराची धारणा होती.

सुरुवातीचे जीवन

लाइब्नित्स यांचा जन्म तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरच्या काळात सॅक्सनीमधील लाइपझिग येथे झाला. त्यांचे वडील फ्रीडरिश लाइब्नित्स हे लाइपझिग विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १६५२ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा लाइब्नित्स सहा वर्षांचे होते. वडिलांचा ग्रंथसंग्रह त्यांना वाचावयास मिळाला आणि लॅटिन भाषा त्यांनी बऱ्याच अंशी स्वतःच आत्मसात केली. १६६१ मध्ये त्यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रवेश घेतला व पुढे कायद्याचा अभ्यास केला. लाइपझिग येथे डॉक्टर ही पदवी मिळण्यात अडथळा आल्याने ते न्यूरेंबर्गजवळील आल्टडॉर्फ विद्यापीठात गेले. तेथे १६६७ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली. तेथेच देऊ केलेले प्राध्यापकपद त्यांनी स्वीकारले नाही. त्यानंतर ते माइन्झच्या इलेक्टरच्या सेवेत रुजू झाले.

१६६६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी संयोजनाच्या कलेवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. सर्व संकल्पना थोड्याशा मूलभूत संकल्पनांच्या जुळणीतून तयार होतात, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. या मूलभूत संकल्पनांना योग्य चिन्हे दिली, तर विचारांची एक वर्णमालाच तयार होईल, असे त्यांना वाटत होते. या कल्पनेचा त्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला.

पॅरिसमधील वर्षे (१६७२–१६७६)

१६७२ मध्ये लाइब्नित्स राजनैतिक कामगिरीवर पॅरिसला गेले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे लक्ष जर्मन प्रदेशांवरून इजिप्तकडे वळवावे, अशी योजना त्यांनी आखली होती. परंतु ती फलद्रूप झाली नाही. या वास्तव्यात डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्या वेळी लाइब्नित्स यांचे गणिताचे ज्ञान बेताचेच होते. हायगेन्स यांनी त्यांना त्रिकोणी संख्यांच्या व्यस्तांची, म्हणजे १, १/३, १/६, १/१० … या अनंत श्रेढीची बेरीज काढण्यास सांगितले. प्रत्येक पद दोन संख्यांच्या फरकाच्या रूपात मांडून लाइब्नित्स यांनी उत्तर २ असल्याचे दाखवले. फरकांची बेरीज केली असता मधली पदे परस्परांना छेदतात, हे या उदाहरणातून त्यांच्या ध्यानात आले. बेरीज व फरक या परस्परविरुद्ध क्रिया आहेत, हेच तत्त्व पुढे त्यांच्या कलनशास्त्राच्या मुळाशी राहिले.

१६७३ च्या प्रारंभी ते लंडनला गेले व बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करू शकणाऱ्या गणकयंत्राचा नमुना त्यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्याच वर्षी ते या संस्थेचे सदस्य झाले. याच भेटीत त्यांनी सांगितलेला श्रेढीविषयक एक निष्कर्ष आधीच छापून आलेला असल्याचे जॉन पेल यांनी निदर्शनास आणले. परक्याचे काम आपले म्हणून सांगितल्याचा संशय येऊ नये, म्हणून लाइब्नित्स यांना लेखी खुलासा करावा लागला. हा प्रसंग तेव्हा मिटला, परंतु पुढील वादात त्यांच्या विरोधकांनी तो उकरून काढला.

पॅरिसमध्येच त्यांनी १ − १/३ + १/५ − १/७ … या श्रेढीची बेरीज पायच्या एक चतुर्थांशाइतकी होते, हे सिद्ध केले. हा निष्कर्ष केरळमधील गणितज्ञ माधव यांच्या परंपरेला त्याआधीच ज्ञात होता. म्हणून या श्रेढीला आता माधव-लाइब्नित्स श्रेढी असेही म्हणतात.

१६७४ मध्ये लाइब्नित्स यांनी संदिग्ध चिन्हांवर एक स्वतंत्र टिपण लिहिले. शंकुच्छेदाच्या वेगवेगळ्या प्रकारांची समीकरणे केवळ अधिक-उणे चिन्हांच्या फरकाने वेगळी होतात. ती सर्व एकाच समीकरणात मांडण्यासाठी, अधिक किंवा उणे असा दुहेरी अर्थ असलेली चिन्हे त्यांनी योजली. अशा चिन्हांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा घेतला, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून एका चिन्हाची निवड झाली की दुसऱ्याची निवड कशी ठरते, याचे नियमही त्यांनी दिले. संदिग्धता टाळता येत नसेल तर तिला नियमांत बांधावे, हा त्यांचा दृष्टिकोन येथे दिसतो.

कलनशास्त्र आणि त्याची चिन्हे

वक्राने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे असंख्य रेषांची बेरीज, ही कल्पना इटालियन गणितज्ञ काव्हालिएरी यांच्यापासून रूढ होती. लाइब्नित्स प्रारंभी या बेरजेसाठी ‘सर्व’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप वापरत. २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात त्यांनी त्याऐवजी ∫ हे चिन्ह वापरले. बेरीज या अर्थाच्या ‘सुम्मा’ या लॅटिन शब्दातील पहिल्या अक्षराचे हे त्या काळी प्रचलित असलेले लांब रूप होय. विरुद्ध क्रियेसाठी त्यांनी ‘डी’ हे अक्षर निवडले. बेरजेने मिती वाढते, तर फरकाने ती कमी होते, या विचाराने त्यांनी हे अक्षर आरंभी छेदस्थानी लिहिले होते. ११ नोव्हेंबर १६७५ च्या टिपणात ते राशीच्या अगोदर आले आणि आजचे ‘डीएक्स’ हे रूप तयार झाले.

याच टिपणात त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला : दोन राशींच्या गुणाकाराचे अवकल हे त्या राशींच्या अवकलांच्या गुणाकाराइतके असते का? लिहिण्याच्या ओघात तसे वाटणे साहजिक होते. उदाहरण तपासून त्यांनी ती कल्पना सोडून दिली व काही दिवसांतच योग्य नियमापर्यंत ते पोहोचले. सोयीचे चिन्ह जसा मार्ग दाखवते, तसेच ते चुकीच्या वाटेलाही नेऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या पद्धतीवरील त्यांचा पहिला लेख ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघ्या सहा पानांचा हा लेख इतका संक्षिप्त होता, की याकोब व योहान बेर्नुली या विद्वान बंधूंनाही तो समजून घेण्यास मोठे परिश्रम करावे लागले. समाकलनाचे चिन्ह १६८६ च्या लेखात छापून आले. लाइब्नित्स या क्रियेला बेरजेचे कलन म्हणत, तर बेर्नुली बंधूंनी ‘इंटिग्रल’ हा शब्द रूढ केला. योहान बेर्नुली यांना त्यासाठी ‘आय’ हे अक्षर चिन्ह म्हणून हवे होते. पत्रव्यवहारातून तडजोड झाली. चिन्ह लाइब्नित्स यांचे राहिले आणि नाव बेर्नुलींचे.

लाइब्नित्स यांच्या पद्धतीत एक राशी दुसरीवर व दुसरी तिसरीवर अवलंबून असेल, तर अवकलनाचा नियम अपूर्णांकांच्या गुणाकारासारखा दिसतो. मधली राशी छेदली जाते व उत्तर जणू आपोआप मिळते. चलाची अदलाबदल करताना समाकलनातही हीच सोय होते. मात्र या सोयीबरोबर काही संदिग्धताही आल्या. ‘डीएक्स’ हे लिखाण ‘डी’ व ‘एक्स’ यांच्या गुणाकारासारखे दिसते. त्यामुळे ‘डी’ हे अक्षर राशीसाठी न वापरण्याचा संकेत पाळावा लागतो. ‘डीएक्स’वर २ हा घातांक लिहिला, तर वर्ग अवकलाचा की अवकल वर्गाचे, हे संकेताशिवाय कळत नाही. द्वितीय अवकलजाला अपूर्णांकाप्रमाणे वागवले तर उत्तर चुकते. ∫ या चिन्हाला मूळ रूपात सीमाही नव्हत्या. खाली-वर सीमा लिहिण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फूर्ये यांनी रूढ केली.

सर्वांत गंभीर प्रश्न ‘डीएक्स’ या राशीच्या अर्थाचाच होता. ती शून्य असेल तर तिने भागता येत नाही; शून्य नसेल तर ती शेवटी सोडून देता येत नाही. १६८४ च्या लेखात लाइब्नित्स यांनी तिला कोणतीही निवडलेली सान्त रेषा मानले होते, तर इतरत्र ते तिला अनंत सूक्ष्म राशी म्हणत. डच विद्वान न्यूवेनटाइट यांनी घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी १६९५ मध्ये उत्तर दिले. अनंत सूक्ष्म राशी खरोखर अस्तित्वात आहेत असे मानण्याची गरज नाही. त्या उपयुक्त कल्पना आहेत आणि चूक हवी तितकी लहान करता येते, अशी भूमिका त्यांनी पुढील लेखनात घेतली. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकात सीमा या संकल्पनेने दिले. १९६० नंतर अब्राहम रॉबिन्सन यांनी अनंत सूक्ष्म राशींनाही काटेकोर तार्किक आधार मिळवून दिला.

इतर चिन्हे आणि संज्ञा

चिन्ह निवडताना लाइब्नित्स आपल्या पत्रमित्रांचे मत घेत, छापखान्याच्या अडचणींचा विचार करत आणि न रुचलेले चिन्ह सोडून देत. इंग्लंडमध्ये विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ मध्ये वापरलेले गुणाकाराचे × हे चिन्ह त्यांना पसंत नव्हते, कारण ते ‘एक्स’ या अक्षराशी सहज मिसळते. १६९८ मध्ये योहान बेर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कारण देऊन गुणाकारासाठी टिंब सुचवले. भागाकारासाठी ते विसर्गासारखी दोन टिंबे (:) वापरत. त्यामुळे अपूर्णांक एकाच ओळीत छापता येई व गुणोत्तर आणि भागाकार यांचे नातेही स्पष्ट होई. जर्मनीत भागाकारासाठी हे चिन्ह आजही प्रचलित आहे. बरोबरीसाठी देकार्त यांचे वेगळे चिन्ह युरोपात पसरले होते. त्याऐवजी रॉबर्ट रेकॉर्ड यांचे = हे चिन्ह सर्वमान्य होण्यास न्यूटन आणि लाइब्नित्स या दोघांनीही ते स्वीकारल्याचा मोठा हातभार लागला.

गुणाकाराच्या टिंबाने एक संदिग्धता दूर झाली, तरी दुसरी निर्माण झाली. ज्या देशांत दशांश चिन्ह म्हणूनही टिंबच वापरले जाते, तेथे दोहोंचा घोटाळा होऊ शकतो. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम असल्याने ही अडचण येत नाही.

‘फंक्शन’ (फलन) ही संज्ञा गणितात लाइब्नित्स यांनीच आणली. परंतु तिचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ आजच्याहून वेगळा होता. वक्रावरील बिंदूनुसार बदलणाऱ्या स्पर्शिका, अभिलंब यांसारख्या रेषांना ते हे नाव देत. १७१८ मध्ये योहान बेर्नुली यांनी चल व स्थिरांक यांपासून बनलेली राशी असा अर्थ त्याला दिला. पुढे अर्थ बदलत गेला, पण शब्द तोच राहिला. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना ही संज्ञा कोणत्या अर्थाने आली आहे, हे पाहावे लागते.

१७१२–१३ मध्ये ऋण संख्यांच्या लॉगरिथमविषयी लाइब्नित्स व योहान बेर्नुली यांच्यात पत्ररूपाने मतभेद झाले. असे लॉगरिथम काल्पनिक असतात, असे लाइब्नित्स यांचे म्हणणे होते. तर धन व ऋण संख्येचा लॉगरिथम सारखाच असतो, असे बेर्नुली मानत. दोघांच्याही युक्तिवादात अडचणी होत्या. १७४९ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले, की शून्येतर प्रत्येक संख्येला अनंत लॉगरिथम असतात आणि ऋण संख्येच्या बाबतीत ते सर्व काल्पनिक असतात. लॉगरिथम एकच असतो, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरले होते.

सार्वत्रिक चिन्हभाषा

गणितात चिन्हांमुळे जे साधले, ते कायदा, धर्म व तत्त्वज्ञान यांतही साधावे, अशी लाइब्नित्स यांची महत्त्वाकांक्षा होती. युरोप धर्मयुद्धांनी पोळलेला होता आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथांत समेट घडवण्यासाठी ते स्वतः प्रयत्न करत होते. बहुतेक वाद शब्दांच्या अनेकार्थतेमुळे चिघळतात. निःसंदिग्ध चिन्हांची भाषा असेल, तर वादी-प्रतिवादींनी भांडण्याऐवजी शांतपणे हिशेब मांडावा आणि उत्तर पाहावे, असे त्यांचे स्वप्न होते. १६७९ मध्ये त्यांनी संकल्पनांना संख्या देण्याचा प्रयत्न केला. प्राणी या संकल्पनेला २ व विवेकशील या संकल्पनेला ३ ही संख्या दिली, तर विवेकशील प्राणी म्हणजे मनुष्य ही संकल्पना ६ होते. ६ ला २ ने भाग जातो, म्हणून मनुष्य प्राणी आहे हे विधान सत्य ठरते. नकारार्थी विधानांसाठी ही योजना अपुरी पडली, म्हणून त्यांनी संख्यांच्या जोड्या वापरून पाहिल्या. हे काम त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. केवळ ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीवरही त्यांनी याच वर्षी लिहिले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७०३ च्या वृत्तांतात त्यावरील लेख समाविष्ट झाला.

हॅनोव्हरमधील कार्य

१६७६ च्या अखेरीस लाइब्नित्स हॅनोव्हरच्या ड्यूकच्या सेवेत आले आणि अखेरपर्यंत याच घराण्याकडे राहिले. ग्रंथपाल व सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. हार्झ पर्वतातील चांदीच्या खाणींतील पाणी पवनचक्क्यांनी उपसण्याची त्यांची योजना अनेक वर्षांच्या खटपटीनंतर अयशस्वी ठरली. राजघराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यासाठी १६८७ ते १६९० या काळात त्यांनी दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया व इटलीतील दप्तरखाने तपासले. १७०० मध्ये बर्लिन येथे विज्ञान अकादमी स्थापन झाली व ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. ‘थिओडिसी’ हा ग्रंथ १७१० मध्ये प्रसिद्ध झाला, तर ‘मोनॅडॉलॉजी’ हे छोटे लेखन १७१४ मधील आहे. ते अविवाहित होते.

न्यूटन यांच्याशी वाद

न्यूटन यांनी आपली ‘फ्लक्शन’ पद्धत १६६५–६६ च्या सुमारास शोधली होती, परंतु ती प्रसिद्ध केली नव्हती. १६७६ मध्ये त्यांनी लाइब्नित्स यांच्यासाठी दोन पत्रे पाठवली. त्यांत श्रेढींविषयी बरीच माहिती होती, पण मूळ पद्धत मात्र अक्षरांची उलटापालट करून सांकेतिक रूपात दडवलेली होती. त्याच वर्षी लंडनच्या दुसऱ्या भेटीत लाइब्नित्स यांनी न्यूटन यांचे एक हस्तलिखित पाहिले. त्यातून त्यांनी श्रेढींविषयीच्या नोंदी उतरवून घेतल्या. तोपर्यंत त्यांची स्वतःची चिन्हे व मूलभूत नियम तयार झाले होते, हे १६७५ च्या टिपणांवरून आज निश्चित झाले आहे.

१६९९ मध्ये फातियो यांनी लाइब्नित्स यांच्याविषयी उघड संशय व्यक्त केला. १७१० मध्ये छापलेल्या लेखात जॉन कील यांनी तर न्यूटन यांचीच पद्धत नाव व चिन्हे बदलून लाइब्नित्स यांनी प्रसिद्ध केल्याचा आरोप केला. लाइब्नित्स यांनी रॉयल सोसायटीकडे तक्रार केली. त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष स्वतः न्यूटन होते. मार्च १७१२ मध्ये नेमलेल्या समितीने लाइब्नित्स यांचे म्हणणे न मागवता पुढच्याच महिन्यात अहवाल दिला. अहवालाच्या लेखनात न्यूटन यांचाच हात होता. दोन्ही पद्धती एकच असून फरक केवळ नाव व चिन्हांचा आहे आणि न्यूटन हेच आद्य शोधक आहेत, असा निष्कर्ष त्यात होता.

या निष्कर्षाने लाइब्नित्स यांच्या कामाचा गाभाच बाजूला सारला गेला. त्यांच्या दृष्टीने चिन्हपद्धती ही शोधाची वरची सजावट नव्हती. कोणालाही नियमानुसार चालवता येईल असे कलन तयार करणे हाच शोध होता. वाद हिशेबाने मिटावेत असे स्वप्न पाहणाऱ्या या विद्वानाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा वाद मात्र निनावी पत्रके, राष्ट्रीय अभिमान आणि परस्परांवरील आरोप यांत अडकला. त्यांनी स्वतःही निनावी लेखनाचा आश्रय घेतला होता.

अखेरचा काळ

१७१४ मध्ये हॅनोव्हरचे शासक पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसले. लाइब्नित्स यांना मात्र राजघराण्याचा इतिहास पूर्ण होईपर्यंत हॅनोव्हरमध्येच राहण्यास सांगण्यात आले. इ.स. १००५ पर्यंतचाच वृत्तान्त ते पूर्ण करू शकले. संधिवाताने ते त्रस्त होते. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीला दरबारातील कोणीही उपस्थित नव्हते. रॉयल सोसायटी व बर्लिन अकादमी या दोन्ही संस्थांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली नाही. पॅरिस अकादमीत १७१७ मध्ये फोंतनेल यांनी त्यांचे गुणगौरवपर चरित्र वाचले.

वारसा

युरोपात बेर्नुली बंधू, लोपिताल व ऑयलर यांनी लाइब्नित्स यांच्या चिन्हांच्या आधारे कलनशास्त्राचा झपाट्याने विस्तार केला. ब्रिटनमध्ये निष्ठेपोटी न्यूटन यांची टिंबांची पद्धत चालू राहिली आणि तेथील गणितज्ञ युरोपातील संशोधनापासून दुरावले. १८१२ मध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक यांनी केंब्रिज येथे ॲनालिटिकल सोसायटी स्थापन केली. १८१६ मध्ये त्यांनी लाक्र्वा यांच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचे भाषांतर केले. १८१७ मध्ये पीकॉक यांनी विद्यापीठाच्या परीक्षेतील प्रश्न लाइब्नित्स यांच्या चिन्हांत काढले. न्यूटन यांचे टिंब आजही यामिकीत कालसापेक्ष अवकलजासाठी वापरले जाते.

सार्वत्रिक चिन्हभाषेची कल्पना जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित व गॉटलोब फ्रेगे यांचा १८७९ मधील चिन्हलिपीवरील ग्रंथ यांतून वेगळ्या रूपात पुढे आली. प्रत्येक तार्किक प्रश्नाचा निर्णय यांत्रिक रीतीने लावणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे १९३६ मध्ये अलोन्झो चर्च व ॲलन ट्युरिंग यांनी सिद्ध केले.

लाइब्नित्स यांची सुमारे दोन लाख हस्तलिखित पाने हॅनोव्हर येथील ग्रंथालयात जतन केलेली आहेत. सुमारे १,१०० व्यक्तींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. त्यांच्या समग्र लेखनाच्या प्रकाशनाचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला असून हे काम अद्याप चालू आहे.